शनिवार तेल्यांच्या संस्था



आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून थोड्या अंतरावर, नवगांव नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें एक जुनें दफनस्थान आहे. बेने इस्रायल समाजाची परंपरा अशी सांगते कीं, अनेक शतकांपूर्वीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत या किनाऱ्याजवळ फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें जिवंत राहिलीं. आणि समुद्रानें बाहेर टाकलेलीं प्रेतें त्यांनीं येथें पुरलीं. ही घटना केव्हां घडली याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, व तो वाद आज आपल्याला सोडवावयाचा नाहीं. त्या कथेंतील एकाच गोष्टीकडे मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे. चौदा माणसें परक्या किनाऱ्यावर उभीं राहिलीं, आणि त्यांनीं मिळून केलेलें पहिलें कृत्य कोणतें, तर मेलेल्यांना माती देण्याचें. समाजाच्या संस्था कशा जन्मास येतात हें समजून घ्यावयास याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

आज मी आपल्याशीं याच समाजाच्या संस्थांविषयीं बोलणार आहे. प्रार्थनामंदिर, शाळा, स्त्री मंडळ, निर्वासितांना साह्य करणारी संस्था, या सर्व आपल्या शेजारीं, आपल्याच शहरांत उभ्या राहिल्या. त्यांतील पुष्कळशा संस्थांचें कामकाज मराठींत चाललें. असें असूनही आपल्यापैकीं बहुतेकांना त्यांची ओळख रस्त्यांतून जातांना दिसणाऱ्या एखाद्या जुन्या इमारतीपलीकडे नसते.

प्रथम या लोकांची थोडी ओळख करून घेऊं. कोंकणांत आल्यावर त्यांनीं तेलाचे घाणे चालविण्याचा धंदा धरला. आठवड्याचा सातवा दिवस विश्रांतीचा, ही त्यांच्या धर्माची आज्ञा. म्हणून शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. शेजाऱ्यांनीं ही गोष्ट पाहिली आणि त्यांना 'शनिवार तेली' हें नांव दिलें. हिब्रू भाषा ते हळूहळू विसरले, धर्मग्रंथ त्यांच्याजवळ उरले नाहींत. पण शनिवार सुटला नाहीं, मुलाची सुंता आठव्या दिवशीं करण्याचा विधि सुटला नाहीं, आणि 'शेमा' ही ईश्वराच्या एकत्वाची प्रार्थना त्यांच्या ओठांवर राहिली. भाषा मराठी झाली, पेहराव मराठी झाला, आणि आडनांवें तर इतकीं मराठी झालीं कीं, त्यांवरून कोंकणचा नकाशा काढतां यावा: किहीमचे केहीमकर, राजपुरीचे राजपुरकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. प्रेषित एलियाच्या स्मरणार्थ ते जो मलिदा करतात, त्यांत पोहे, नारळ, साखर व फळें असतात. कोंकणी घरांतील कोणालाही तें ताट परकें वाटणार नाहीं.

आतां संस्थांकडे वळूं. यहुदी धर्माची एक विशेष गोष्ट अशी आहे कीं, त्यांतील कित्येक कर्तव्यें एकट्या माणसाला, किंबहुना एकट्या कुटुंबालाही, पार पाडतां येत नाहींत. सार्वजनिक प्रार्थनेसाठीं निदान दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात; या गणपूर्तीला 'मिन्यान' म्हणतात. मृताच्या मागें त्याचा मुलगा 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणतो, तीही परंपरेप्रमाणें दहा माणसांच्या उपस्थितींतच म्हणावयाची. खाण्याचें मांस धर्मविधि जाणणाऱ्या माणसानेंच कापलेलें लागतें, म्हणजे असा माणूस गांवांत किंवा पंचक्रोशींत पोसावा लागतो. प्रेताला स्नान घालणें, त्यास साधें पांढरें वस्त्र नेसविणें आणि विलंब न लावतां त्याचें दफन करणें, हें तर समाजाचें सर्वांत पवित्र काम समजलें जातें. कारण त्या उपकाराची फेड मृत माणूस कधींच करूं शकत नाहीं. तेव्हां जेथें चार यहुदी घरें आहेत तेथें तीं घरें एकमेकांकडे वळणारच. आपल्याकडे ज्याला आपण 'संघटना' असें जड नांव देतों, ती येथें रोजच्या गरजेंतून उगवलेली आहे.

कोंकणांतील खेड्यांत हें काम प्रारंभीं 'काजी' करीत. लग्नें लावणें, सुंता करणें, तंटे मिटविणें हें त्यांचेंच. बेने इस्रायलांच्या धर्माधिकाऱ्याला काजी म्हणत, ही गोष्ट शेजारच्या मुसलमान समाजाशीं असलेल्या सहवासाची साक्ष देते. पुढें कंपनी सरकारच्या काळांत अनेक कुटुंबें मुंबईस आलीं. कोणी सैन्यांत गेले, कोणी सुतारकाम, गवंडीकाम पत्करलें. गांवचा काजी मागें राहिला. शहरांत त्याची जागा कोण घेणार?

या प्रश्नाचें उत्तर १७९६ सालीं मिळालें. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, हे कंपनीच्या सैन्यांतील देशी अधिकारी. म्हैसूरच्या युद्धांत ते टिपूच्या कैदेंत पडले. त्यांतून सुटून आपण सुखरूप मुंबईस पोंचलों तर देवाचें मंदिर बांधूं, असा त्यांनीं संकल्प केला होता, असें समाजांत सांगतात. तो त्यांनीं पुरा केला, आणि मांडवी भागांत मुंबईंतील पहिलें सिनेगॉग उभें राहिलें. त्याचें नांव 'शाआर हारहामीम', म्हणजे 'दयेचें द्वार'. लोक त्यास 'जुनी मशीद' म्हणत. मस्जिद बंदर या स्टेशनाचें नांव तिच्यावरूनच पडलें, असें मानण्याचा प्रघात आहे. पुढील शतकांत रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणें अशीं एकामागून एक प्रार्थनामंदिरें झालीं. अलिबागेंतील 'मागेन आबोथ' १८४८ सालचें. ज्या गल्लींत तें आहे, तिचें नांवच 'इस्रायल आळी'.

या मंदिरांची व्यवस्था पाहिली तर आपल्या गांवगाड्याची आठवण होते. मंडळीचा मुख्य तो 'मुकादम'. त्याच्या जोडीला 'चौगुले'. पैशांचा हिशेब ठेवणारा तो 'गबई'. प्रार्थना चालविणारा 'हजान'. आणि दिवाबत्तीपासून निरोप पोंचविण्यापर्यंत सर्व कामें करणारा तो 'शमाश'. हिब्रू आणि मराठी नांवें एकाच पंगतीला बसलेलीं आहेत. वर्गणी, नवस आणि लग्नकार्यांतील देणग्या यांतून निधि जमे. त्याच निधींतून समया पेटत आणि त्याच निधींतून गरिबांच्या दफनाचा खर्च होई. मंदिर हें देवाचें घर खरें, पण तें पंचायतीची कचेरी, धर्मादाय खातें आणि परगांवच्या पाहुण्याचें आश्रयस्थानही होतें.

शिक्षणाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. हिब्रूचा विसर पडलेल्या या समाजाला ती भाषा पुन्हां शिकविण्यांत कोचीनच्या यहुदी शिक्षकांचा जसा हात होता, तसाच ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही होता. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींत हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केलें. मिशनऱ्यांचा हेतु धर्मांतराचा होता. परंतु बेने इस्रायलांनीं त्यांच्याकडून व्याकरण घेतलें, शास्त्राचें मराठी भाषांतर घेतलें आणि आपल्या धर्माकडे अधिक डोळसपणें पाहण्यास आरंभ केला. पुढें जोसेफ एझेकिएल राजपुरकर यांच्यासारख्या विद्वानानें हिब्रू प्रार्थनापुस्तकांचीं मराठी भाषांतरें करून तीं घरोघर पोंचविलीं.

तथापि दुसऱ्याच्या शाळेवर समाजाचें शिक्षण किती काळ अवलंबून राहणार, हा विचार हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या मनांत घोळत होता. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खटपट करून १८७५ सालीं मुंबईंत समाजाची स्वतःची शाळा सुरू केली. इंग्रजी, मराठी आणि हिब्रू हे तिन्ही विषय तेथें शिकविले जात. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशननें तिला साह्य केलें, आणि पुढें सर एली कदूरी यांनीं दिलेल्या देणगीमुळें तिला त्यांचें नांव मिळालें. केहीमकरांनीं आपल्या समाजाचा इतिहासही लिहून ठेवला. तो १८९७ सालीं लिहून झाला, पण छापून बाहेर पडला १९३७ सालीं, तेल अवीव येथें, लेखकाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं. शाळेसाठीं वर्गणी गोळा करणारा माणूस आपल्या पुस्तकासाठीं मात्र ती गोळा करूं शकला नाहीं.

स्त्रियांचें कार्य निराळें सांगावयास हवें. १९१३ सालीं बेने इस्रायल स्त्री मंडळ स्थापन झालें. मुलींचें शिक्षण आणि गरजू स्त्रियांस मदत, असे विषय स्त्रियांनीं स्वतः हातीं घेतले. या मंडळाशीं ज्यांचें नांव निगडित आहे त्या डॉ. जेरुशा झिराड यांनीं लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी १९१९ सालीं मिळविली, आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख होत्या. १९२५ सालीं त्यांनीं व त्यांच्या भगिनींनीं मिळून ज्युइश रिलिजस युनियन ही सुधारणावादी धर्मसंस्था मुंबईंत सुरू केली. १९६६ सालीं त्यांना 'पद्मश्री' मिळाली. कामा हॉस्पिटलांतील प्रसूतिगृहांत त्यांच्या हातीं जन्मलेलीं मुलें कोणत्या जातीचीं होतीं, हें कोण मोजीत बसणार?

येथपर्यंतची हकीकत ऐकून आपल्याला वाटेल कीं, सारें कसें सुरळीत आणि गोड होतें. तसें तें नव्हतें, व तें सांगितल्यावांचून हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं. एकोणिसाव्या शतकांत बगदादकडून व्यापारी यहुदी मुंबईस आले. डेव्हिड ससून हे त्यांचे अग्रणी. आरंभीं हे पाहुणे बेने इस्रायलांच्याच मंदिरांत प्रार्थना करीत व त्यांच्याच दफनभूमींत आपले मृत पुरीत. पण १८३६ सालीं ससून व इतर कांहीं मंडळींनीं सरकारकडे अर्ज केला कीं, सामाईक दफनभूमींत मध्यें एक भिंत घालून द्यावी. बेने इस्रायलांचे आचार शुद्ध नाहींत, असा त्यांचा आक्षेप होता. ज्या कामाची फेड होऊं शकत नाहीं म्हणून तें सर्वांत पवित्र, त्याच कामाच्या जागीं ही भिंत मागण्यांत आली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आणि दोष केवळ पाहुण्यांचाच होता असेंही नाहीं. बेने इस्रायलांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. ज्यांच्या घराण्यांत परधर्मीय स्त्रीचा संबंध आला असें मानलें जाई, ते काळे. त्यांच्याशीं लग्नसंबंध नाहीं, एका ताटांत जेवण नाहीं. ज्या भेदभावाचे कांटे आपल्याला बोंचतात तेच कांटे आपण दुसऱ्याच्या वाटेवर पसरतों, हा मनुष्यस्वभाव येथेंही दिसला. पुढें १९१७ सालीं समाजाची परिषद भरूं लागली, तर १९१८ सालीं ऑल इंडिया इस्रायलाइट लीग ही दुसरी संस्था निघाली. प्रत्येकीला स्वतःचें नियतकालिक होतें. शिक्षण आणि समाजाची उन्नति या विषयांवर दोघींचें फारसें दुमत नव्हतें. तरीही लहानशा समाजांत दोन व्यासपीठें झालीं. मराठी माणसाला या गोष्टीचें फारसें आश्चर्य वाटूं नये.

मात्र भिंतीच्या दोन्ही बाजूंना दारेंही होतीं, हेंही नमूद केलें पाहिजे. ससूननीं चालविलेल्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेचे मुख्याध्यापक अनेक वर्षें राजपुरकर होते, म्हणजे एक बेने इस्रायल गृहस्थच. पुण्यांतील ज्या मंदिराला आपण 'लाल देऊळ' म्हणतों, त्या 'ओहेल डेव्हिड' सिनेगॉगचें बांधकाम १८६७ सालीं पुरें झालें. तेथेंच डेव्हिड ससून यांची समाधि आहे. आणि त्याच काळांत ससून घराण्याच्या देणगीनें उभें राहिलेलें रुग्णालय तर सर्व जातिधर्मांच्या रोग्यांसाठीं होतें. आज पुण्याचा कोणताही टांगेवाला, नव्हे आतां रिक्षावाला, 'ससून' हा शब्द ऐकतांच आजाऱ्याला कोठें न्यावयाचें तें जाणतो. तो शब्द एका कुटुंबाचें आडनांव आहे हें त्याला माहीत असण्याची गरजही राहिलेली नाहीं.

या संस्थांची सर्वांत मोठी परीक्षा १९३३ नंतर झाली. जर्मनींत हिटलरची सत्ता आल्यावर यहुद्यांचा छळ सुरू झाला, आणि कांहीं कुटुंबें हिंदुस्थानकडे निघालीं. त्यांच्या साह्यासाठीं १९३४ सालीं मुंबईंत ज्युइश रिलीफ असोसिएशन स्थापन झालें. निर्वासित सरकारवर भार होणार नाहींत, अशी हमी पाहिजे होती; ती हमी या संस्थेनें पत्करली. बंदरावर उतरणाऱ्यांना निवारा, उपजीविकेची सोय, कागदपत्रांची खटपट, हें तिचें काम. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच सरकारच्या लेखीं हेच निर्वासित 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरले आणि त्यांतील कित्येकांना छावण्यांत डांबण्यांत आलें. हिटलरनें ज्यांना जर्मन मानलें नाहीं, त्यांना येथें जर्मन म्हणून कोंडलें. तेव्हां त्यांची बाजू सरकारपुढें मांडून त्यांची सुटका करविण्यासाठींही ही संस्था झटली. ज्यांना जगांतील मोठमोठ्या राष्ट्रांनीं दरवाजे बंद केले, त्यांच्यापैकीं थोड्यांना तरी या शहरांत एक टेबल, एक खुर्ची आणि आपलें म्हणणें ऐकून घेणारा माणूस मिळाला.

स्वातंत्र्य मिळालें तेव्हां भारतांत बेने इस्रायलांची संख्या सुमारें वीस हजार होती. १९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें आणि पुढील कांहीं दशकांत समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. येथील छळाला कंटाळून ते गेले नाहींत. छळ येथें झालाच नव्हता. धर्माची ओढ, आप्तांची ओढ आणि चांगल्या दिवसांची आशा त्यांना घेऊन गेली. तिकडेही वाट सरळ नव्हती. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत, लग्नाच्या प्रश्नावर, ते पूर्ण यहुदी आहेत कीं नाहींत अशी शंका तेथील धर्मपीठानें काढली. पुन्हां तीच भिंत! या वेळीं मात्र ते अर्ज करून स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं एकजुटीनें निदर्शनें केलीं, आणि १९६४ सालीं तेथील संसदेनें व सरकारनें ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचें जाहीर केलें. मुंबईंत दोन व्यासपीठांत विभागलेल्या समाजाला एकीची किंमत परमुलखांत कळली. अश्दोद, लोद, दिमोना या गांवांतून आज त्यांचीं मंडळें आहेत, मलिदा होतो, आणि 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकही तेथून निघालें.

मागें जे राहिले त्यांचें काय? २०११ सालच्या जनगणनेंत साऱ्या भारतांत यहुदी पांच हजारांच्या आंतच भरले. जेथें एके काळीं बसावयास जागा मिळत नसे अशा कोंकणांतील मंदिरांतून आतां दहा माणसें जमविण्यासाठीं निरोप धाडावे लागतात. अशा वेळीं संस्थांच्या कामाचें स्वरूप पालटतें. १९६० च्या दशकापासून अमेरिकन ज्युइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी ही परदेशी संस्था येथील वृद्ध व निराधार यहुद्यांना मदत पोंचवूं लागली. त्याच सुमारास ओ. आर. टी. या संस्थेनें तरुणांना धंदेशिक्षण देण्यास आरंभ केला. बाराव्या शतकांतील यहुदी पंडित मायमोनिडीस यानें दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांत सर्वांत वरची पायरी अन्नदानाची नाहीं; माणसाला काम शिकवून किंवा धंद्यास लावून त्यास पुन्हां हात पसरावा लागणार नाहीं असें करणें, ही ती पायरी होय. आठशें वर्षांपूर्वींचा हा विचार मुंबईंतील शिक्षणवर्गांत प्रत्यक्षांत आला. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें यहुदी समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तो मागण्यांत समाजाच्या संस्थांनींच पुढाकार घेतला होता.

तरीही खरा प्रश्न उरतोच. माणसें गेलीं तर संस्थेनें काय करावें? दरवाज्याला कुलूप लावून इमारत विकावी, कीं दार उघडें ठेवून दुसऱ्यांना आंत घ्यावें? समाजानें याचें उत्तर ठराव करून दिलेलें नाहीं, पण व्यवहारांत दिलेलें आहे. केहीमकरांच्या शाळेंत आज शिकणारीं बहुतेक मुलें यहुदी नाहींत. ससून रुग्णालयांत तर पहिल्यापासूनच कोणाचा धर्म विचारला गेला नाहीं. कोंकणांतील ओसाड पडत चाललेल्या मंदिरांच्या व दफनभूमींच्या देखभालीला पुष्कळ ठिकाणीं शेजारच्या हिंदु-मुसलमानांचे हात लागतात. दहा माणसांची गणपूर्ति करावयास धर्मबंधूच पाहिजे, हें खरें. पण मिन्यान मोजतांना शेजारी बाहेर राहतो तो केवळ प्रार्थनेपुरता. दफनभूमीची भिंत पडली तर ती बांधावयास त्याला कोणी अडविलेलें नाहीं.

मोठ्या समाजाला आपल्या संस्थांची किंमत सहसा कळत नाहीं. कारण एक मोडली तर दुसरी असते. लहान समाजाला ती पक्की ठाऊक असते. आपल्या गांवांत, आपल्या पेठेंत एखादें जुनें सिनेगॉग असेल तर त्याच्या दारावरील पाटी एकदां थांबून वाचा. तिच्यावर हिब्रूच्या शेजारीं मराठी अक्षरें आढळलीं तर आश्चर्य मानूं नका. त्या अक्षरांत बहुधा एखाद्या दात्याचें नांव असेल, आणि नांवाच्या शेवटीं आपल्या ओळखीचा 'कर' असेल.